सोन्याचे नॅनोकण आणि विहिरीचं पाणी: नायट्राइटचा सेन्सर बनवायचा कसा, त्यावर विसंबायचं केव्हा

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले होते. एक बागेतल्या विहिरीची, दुसरी घरामागच्या. आमच्या एका विद्यार्थ्याने त्यांना मोठ्या उत्साहाने नॅनोकणांचा आकार, शोधमर्यादा, संवेदनशीलता असं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पोराइले हे पाणी पाजाचं का नाही, तेवढंच सांगा."

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. एमएस्सीचा प्रकल्प करणारे, नुकतेच पीएचडीला लागलेले, किंवा कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) येऊन पडला आहे पण त्याचं करायचं काय हे न सुचलेले असे जे कोणी असतील, त्यांनी हाताशी ठेवून एकेक पायरी करत जावं. इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण बसवायला एक मिनिट लागतं. बाकीचा सगळा वेळ त्या इलेक्ट्रोडने दिलेला आकडा खरा आहे की नाही हे पाहण्यात जातो, आणि लेखाची जागाही मी त्याच हिशोबाने वाटली आहे.

नायट्राइटच का

विदर्भात उथळ विहिरींच्या पाण्यात नायट्रेट सापडणं नवीन नाही. युरिया, गोठा, शौचाचे खड्डे, उघडी गटारं, सगळ्यांचा नायट्रोजन शेवटी खाली झिरपतो. नायट्राइट हा त्या प्रवासातला मधला टप्पा. अमोनियाचं नायट्रेट होताना किंवा नायट्रेट परत खाली येताना तो थोडा वेळ दिसतो. म्हणून विहिरीत नायट्राइट लक्षणीय सापडलं, की घाण ताजी आहे किंवा पाण्यात प्राणवायू कमी आहे असा संशय घ्यायचा. बाटलीवरच्या तान्ह्या मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त, कारण नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतं आणि ते प्राणवायू वाहून नेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम नायट्राइट. नायट्राइट आयनाचं मोलर वजन ४६, म्हणजे ही मर्यादा झाली साधारण ६५ मायक्रोमोलर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नॅनोमोलर शोधमर्यादेची, म्हणजे कमीत कमी किती ओळखता येतं याची, शर्यत चालू असते, पण विहिरीसाठी आपल्याला १० ते १०० मायक्रोमोलरमध्ये छातीठोक उत्तर हवं आहे. हे काम कठीण नाही, फक्त चिकाटीचं आहे.

मोजायची रीत अशी. इलेक्ट्रोडचं व्होल्टेज हळूहळू चढवायचं. एका टप्प्यावर नायट्राइटचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ते इलेक्ट्रॉन सोडतं, करंट उसळतो आणि आलेखात टोक येतं. ते पीक, आणि त्याच्या उंचीवरून नायट्राइट किती ते कळतं. सोनं निवडायचं कारण सरळ आहे. साध्या कार्बनवर नायट्राइटचं ऑक्सिडेशन उशिरा, साधारण ०.९ ते १ व्होल्टच्या आसपास होतं आणि पीक पसरट येतं. सोन्यावर तेच ०.७५ ते ०.८५ व्होल्टला उरकतं आणि पीक टोकदार येतं. (या लेखातले सगळे व्होल्ट सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत आहेत.) शिवाय हे ऑक्सिडेशन असल्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू आड येत नाही. नायट्रोजनचा सिलिंडर लागत नाही, हा कॉलेजच्या दृष्टीने मोठा फायदा.

सामान

३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड, संदर्भ इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची तार, पोटेन्शिओस्टॅट, पीएच मीटर, मायक्रोपिपेट, सोनिकेटर. रसायनांत क्लोरोऑरिक आम्ल, सोडियम नायट्राइट, गंधकाम्ल, पोटॅशियमचे दोन्ही फॉस्फेट, पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम फेरिसायनाइड.

क्लोरोऑरिक आम्लाबद्दल थोडं सविस्तर सांगते. १ ग्रॅमची इवलीशी बाटली येते आणि तिच्या किमतीने विभागप्रमुखांच्या कपाळावर आठी येते. हा पदार्थ हवेतलं पाणी झपाट्याने ओढतो. पावसाळ्यात बाटली उघडून रोज ४ मिलिग्रॅम तोलायला गेलात, तर आठवड्याभरात स्फटिकांचा पिवळा चिखल होतो आणि मग तोललेलं वजन निरर्थक. म्हणून बाटली आली की एकदाच सगळी पाण्यात विरघळवा. तीन रेणू पाण्यासह त्याचं मोलर वजन ३९३.८ आहे, म्हणजे १ ग्रॅमपासून १० मिलीमोलरचं सुमारे २५४ मिलिलिटर द्रावण होतं. तपकिरी काचेच्या बाटलीत, अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा. आणि त्यात स्टीलचा चमचा घालू नका. आमच्याकडे एकाने घातला, चमच्याला काळं पडलं आणि त्यावर जे बसलं ते आपलंच सोनं होतं. काच किंवा प्लास्टिक वापरा.

"मॅडम, इतवारीच्या सराफ्यातून चोवीस कॅरेटचा तुकडा आणून आम्लराजात विरघळवला तर?" हा प्रश्न दरवर्षी येतो. (आम्लराज म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण.) विरघळतो, पण ते धूर, ते क्लोरीन आणि उरलेलं नायट्रिक आम्ल घालवण्याचा खटाटोप पाहता नको. नायट्राइट मोजायच्या सेन्सरमध्ये नायट्रोजनची आम्लं आधीच शिरवून कशाला ठेवायची?

पॉलिश

याच पायरीवर सगळे घाई करतात.

मखमली पॅडवर १ मायक्रॉनची अॅल्युमिना पूड आणि थोडं पाणी, मग ०.३, मग ०.०५ मायक्रॉन. प्रत्येक आकाराला वेगळा पॅड. इलेक्ट्रोड अगदी उभा धरा, बोटांचं वजन पडेल इतकाच दाब द्या आणि आठच्या आकड्यात फिरवा. इंग्रजी आठ, आपला ८ नव्हे. आमच्या एका मुलीने पहिल्या दिवशी मनोभावे मराठी आठ गिरवला होता. फरक हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण बंद आकड्यात सगळ्या दिशांना सारखं घासलं जातं, उघड्यात एकीकडे जास्त. प्रत्येक पुडीवर दोनेक मिनिटं पुरतात. मधूनमधून पाण्याने धुवा, शेवटी अल्कोहोल आणि मग डिस्टिल्ड पाण्यात एकेक मिनिट सोनिकेट करा. सोनिकेटरमध्ये दहा मिनिटं विसरलात तर कार्बन आणि भोवतीच्या प्लास्टिकमध्ये फट पडते आणि द्रावण आत शिरतं. त्या इलेक्ट्रोडची बेसलाइन, म्हणजे पीक नसतानाची रेघ, पुढे कधीच सपाट येत नाही.

नीट झालेलं पॉलिश डोळ्याला दिसतं. काळ्या आरशात ट्यूबलाइटची कड सरळ दिसली पाहिजे. पाण्याचा थेंब सरकवला की सगळीकडून सारखा सरकतो.

डोळ्यावर थांबू नका. ५ मिलीमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये घेऊन उणे ०.२ ते अधिक ०.६ व्होल्ट, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या वेगाने सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज पुढे नेऊन परत आणताना मिळणारा करंटचा आलेख) काढा. दोन पीकांमधलं अंतर ६५ ते ८० मिलिव्होल्ट आलं तर पुढे जा. १०० च्या वर गेलं तर परत पॅडवर. पीक करंट किती यावा हेही आधीच काढून ठेवता येतं. रँडल्स आणि शेव्हचिक यांनी १९४८ साली स्वतंत्रपणे मांडलेलं समीकरण वापरलं, क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस सेंटिमीटर आणि विसरणांक (आयन द्रावणात किती वेगाने पसरतात तो आकडा) ७.६ × १०⁻⁶ धरला, तर २५ अंशांना साधारण ५९ मायक्रोअँपिअर येतात. ५५ आले तर चांगलं. ४० आले तर पृष्ठभागावर काहीतरी बसलं आहे. ९० आले तर आनंद मानू नका, द्रावण चुकलं आहे.

फेरिसायनाइडच्या कचऱ्यात आम्ल कधीही ओतू नका, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. नायट्राइटच्या कचऱ्यालाही आम्ल वर्ज्य, त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचे धूर निघतात. दोन बाटल्या वेगळ्या, नावं ठळक.

एका मिनिटाचं सोनं

साठ्यातलं द्रावण ०.५ मोलर गंधकाम्लात दहापट पातळ करा, म्हणजे १ मिलीमोलर. इलेक्ट्रोड बुडवा, ढवळणं बंद ठेवा, उणे ०.२ व्होल्ट ६० सेकंद लावा. एकेक क्लोरोऑरेट आयन तीन इलेक्ट्रॉन घेऊन सोन्याचा अणू होतो, अणू जमून कण होतात. काढून हलकेच धुवा. कार्बनच्या काळ्या आरशावर पुसट पिवळसर-तांबूस झाक दिसेल, तीही विशिष्ट कोनातून. ढळढळीत सोनेरी दिसलं तर थर जाड झाला आहे, वेळ कमी करा.

यंत्र वाहिलेला चार्ज दाखवतं, तो दर वेळी लिहून ठेवा. या परिस्थितीत सुमारे ०.५७ मिलिकूलोम अपेक्षित आहे. तीनने आणि ९६,४८५ ने भागून १९७ ने गुणलं की बसलेलं सोनं मिळतं, सुमारे ०.३९ मायक्रोग्रॅम. सराफ्यातल्या एका गुंजेत असे तीन लाख इलेक्ट्रोड होतील. विभागप्रमुखांना हा हिशोब जरूर दाखवा. एकच द्रावण पाचसहा इलेक्ट्रोडना पुरतं. चार्ज दर वेळी पाच टक्क्यांच्या आत जुळत असेल तर इलेक्ट्रोडही जुळे निघतात. एखाद्याचा अचानक दुप्पट आला तर तो बाजूला ठेवा, पॉलिश किंवा फट यापैकी काहीतरी असतं.

दुसरा रस्ता म्हणजे कण आधी बाटलीत बनवायचे आणि मग थेंब टाकायचा. उकळत्या क्लोरोऑरिक द्रावणात सायट्रेट घालून लालभडक कोलॉइड करण्याची टर्केविचची १९५१ ची पद्धत सुंदर आहे, वर्गात दाखवायला तर फारच. पण थेंब वाळताना कण कडेला जमतात, चहाच्या कपाखाली वर्तुळ राहतं तसे. नागपूरच्या मे महिन्यात थेंब इतक्या लवकर वाळतो की ते वर्तुळ आणखीच ठसठशीत येतं. थेंब टाकायचाच असेल तर वर उलटा बीकर झाका. कण धरून ठेवायला नॅफिऑन या पॉलिमरचा थर देण्याची सवय अनेकांना असते, तो इथे चालत नाही. नॅफिऑनवर ऋण भार असतो आणि नायट्राइटही ऋण, म्हणजे दारातच पाहुण्याला हाकलल्यासारखं. सौम्य आम्लात धन भार घेणारा कायटोसान त्या कामाला बरा.

सोनं किती बसलं, आणि एक नेहमीची चूक

इलेक्ट्रोड स्वच्छ ०.५ मोलर गंधकाम्लात ० ते १.५ व्होल्ट फिरवा. जाताना सोन्यावर ऑक्साइडचा थर बसतो, येताना ०.९ व्होल्टच्या आसपास तो सुटताना ठसठशीत पीक येतं. त्या पीकाखालचा चार्ज मायक्रोकूलोममध्ये मोजून ३९० ने भागला, की सोन्याचं खरं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतं. २० मायक्रोकूलोम आले तर ०.०५१. म्हणजे सोन्याचा पृष्ठभाग खालच्या चकतीपेक्षाही कमी आणि कणांमध्ये मोकळा कार्बन आहे. चारपाच फेऱ्यांवर थांबा. संदर्भ इलेक्ट्रोडमधून झिरपणारं क्लोराइड या व्होल्टेजला सोनं विरघळवत असतं.

नेहमीची चूक अशी की मुलं फेरिसायनाइडचा पीक करंट परत रँडल्स–शेव्हचिकमध्ये घालतात आणि "नॅनोकणांमुळे सक्रिय क्षेत्रफळ अमुक पट वाढलं" असं लिहितात. अशा प्रयोगात विसरणाचा थर दहाएक मायक्रॉनांहून जाड असतो. नॅनोमीटरचे खाचखळगे त्याला दिसतच नाहीत, कणाकणांचे थर एकमेकांत मिसळून सपाट चकतीच दिसते. त्यामुळे त्या समीकरणातून परत ०.०७ च निघायला हवं. तिप्पट निघालं तर नॅनोकणांचं कौतुक करण्याआधी द्रावण आणि गळती तपासा. याच कारणाने ०.०५१ चौरस सेंटिमीटर विखुरलेलं सोनंही नायट्राइटसाठी सोन्याच्या अख्ख्या चकतीइतकंच काम करतं. कणांची खरी कमाई पीक अलीकडे सरकण्यात आणि टोकदार होण्यात आहे. उंची भलतीच वाढवून दाखवणाऱ्या आलेखाकडे मी तरी संशयाने बघते.

आणखी एक, सोनं बसवलेला इलेक्ट्रोड फेरिसायनाइडमध्ये तासभर ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या किंचित सायनाइडने सोनं कुरतडलं जातं.

बफर

बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. इथे ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ६. दोन्ही फॉस्फेटची समान तीव्रतेची द्रावणं करून डायपोटॅशियम १३ भाग आणि मोनोपोटॅशियम ८७ भाग मिसळली की जवळ पोहोचता, उरलेलं पीएच मीटरवर. यापेक्षा फार आम्लधर्मी जाऊ नका. नायट्रस आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल आणि निम्मा आयन असतो तो आकडा) ३.३ च्या आसपास आहे. पीएच ४ च्या खाली नायट्राइटचं नायट्रस आम्ल होऊ लागतं, ते मोडतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत पीक उतरत जातं.

तयार मिळणारं पीबीएस (फॉस्फेट बफर सलाइन) वापरू नका. त्यात मीठ असतं आणि क्लोराइड ०.८ व्होल्टला सोनं खातं. पोटॅशियम नायट्रेटही आधार-विद्युतद्रव्य, म्हणजे द्रावणातून वीज नीट वाहावी म्हणून घालायचा क्षार, म्हणून घेऊ नका. आमच्या ब्लँकमध्ये, म्हणजे नायट्राइट न घातलेल्या द्रावणात, तीन आठवडे एक छोटं पीक येत होतं. पाणी बदललं, बीकर बदलले, पिपेट बदलली. शेवटी बाटलीवरचं लेबल वाचलं. नायट्रेटमध्ये नायट्राइटची अशुद्धी ०.००१ टक्क्यापर्यंत, असं स्वच्छ छापलेलं. ०.१ मोलर द्रावणात हेच सुमारे २ मायक्रोमोलर होतं. लेबल वाचायला तीन आठवडे लागले हे कबूल करायला लाज वाटते, पण तुमचे तरी वाचतील.

मोजणी

सोडियम नायट्राइट ०.३४५ ग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे ०.१ मोलर. त्यातून १० मिलीमोलर. रोज ताजं करा. हे मीठ विषारी आहे आणि दिसायला अगदी साध्या मिठासारखं, तेव्हा डब्याजवळ डबा ठेवू नका.

डिफरन्शियल पल्स पद्धत घ्या, म्हणजे चढत्या व्होल्टेजवर छोटे ठोके देऊन करंटमधला फरक मोजायचा. ०.५ ते १ व्होल्ट, पल्सची उंची ५० मिलिव्होल्ट, रुंदी ५० मिलिसेकंद, पायरी ४ मिलिव्होल्ट. सेलमध्ये १० मिलिलिटर बफर. आधी काहीही न घालता पाचसहा फेऱ्या काढून बेसलाइन स्थिर होऊ द्या. मग १० मिलीमोलर द्रावणाचे १० मायक्रोलिटर टाका, दहा सेकंद ढवळा, दहा सेकंद शांत होऊ द्या, मोजा. प्रत्येक १० मायक्रोलिटरने सेलमध्ये १० मायक्रोमोलर वाढतं.

आता नागपुरी अडचण. पहिल्या उन्हाळ्यात आमचे सगळे आलेख करवतीच्या दात्यांसारखे यायचे. जानेवारीत हेच यंत्र, हीच मुलं, आलेख गुळगुळीत. आठ दिवस वायरी बदलल्या. शेवटी प्रयोगशाळेतले काका गवताचे टट्टे बदलायला आले, त्यांनी कूलर बंद केला आणि पडद्यावरची रेघ एकदम सरळ झाली. कूलरची मोटर आणि पंप त्याच सॉकेटच्या पट्टीवर होते, आणि तो आमच्या सेलपासून चार हातांवर. बंद करावा तर नवतपा, चालू ठेवावा तर करवत. मार्ग काकांनीच काढला. घरून धान्याचा पत्र्याचा रिकामा डबा आणला, झाकणाला वायरींपुरतं भोक पाडलं, सेल आत ठेवला. डब्याचा रंग एका जागी खरवडून तिथून वायर पोटेन्शिओस्टॅटच्या अर्थला जोडली. कूलरला दुसऱ्या भिंतीचं सॉकेट दिलं. बाहेरची विद्युत-खरखर अडवणारा विकतचा फॅरडे पिंजरा याहून फार वेगळं काही करत नाही.

उन्हाळ्याचं दुसरं लफडं तापमानाचं. दर अंशाला करंट साधारण एकदोन टक्के वाढतो. सकाळी ३० अंशांत कॅलिब्रेशन आणि दुपारी ४० अंशांत नमुना, असं केलंत तर दहावीस टक्के चूक फुकट मिळाली. दोन्ही एकाच बैठकीत करा, सेल पाण्याच्या घमेल्यात ठेवा, तापमान वहीत लिहा. संदर्भ इलेक्ट्रोडही याच दिवसांत वाळतो. टोकाला पांढरे स्फटिक दिसले किंवा आत बुडबुडा अडकला असेल तर पीक ३०–४० मिलिव्होल्ट इकडेतिकडे पळतं. वापर नसताना तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच बुडवून ठेवा.

रेषा, आणि तिच्यावर किती भरवसा

५, १०, २०, ५०, १००, २०० मायक्रोमोलर. प्रत्येकी तीन मोजण्या. ब्लँक मात्र दहा वेळा. समजा उतार मायक्रोमोलरला ०.०४२ मायक्रोअँपिअर आला आणि ब्लँकचं प्रमाण विचलन ०.००७, तर तिप्पट विचलन भागिले उतार, शोधमर्यादा ०.५ मायक्रोमोलर. आपल्याला हव्या ६५ च्या कितीतरी खाली. इथे थांबा, आणखी खाली जायची हौस दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा.

त्याऐवजी वेळ इथे घाला. एकाच इलेक्ट्रोडवर सलग दहा मोजण्या, विचलन पाच टक्क्यांच्या आत. वेगवेगळ्या दिवशी, शक्य तर वेगवेगळ्या हातांनी केलेले पाच इलेक्ट्रोड, आणि त्यांचाही फरक आठ-दहा टक्क्यांच्या आत. सोनं न बसवलेला कोरा इलेक्ट्रोड त्याच द्रावणात, त्याच दिवशी. कोऱ्याचा आलेख शेजारी नसेल तर नॅनोकणांनी काय केलं हे कोणालाच कळणार नाही, तुम्हालाही नाही. सायक्लिक व्होल्टॅमोग्रामचा वेग सेकंदाला २० ते २०० मिलिव्होल्टपर्यंत बदलून पीक करंट वेगाच्या वर्गमुळाशी सरळ जातो का तेही एकदा पाहून घ्या. जात असेल तर विसरणाचा कारभार आहे.

मग आड येणारे. युरिक आम्ल, एस्कॉर्बिक आम्ल, सल्फाइट हे सोन्यावर अलीकडेच ऑक्सिडाइझ होतात आणि नायट्राइटच्या पीकाचा पाया उचलतात. सर्वांत वाईट सल्फाइड. नाग नदीचं पाणी मुलं हमखास आणतात, पुलावरून बादली सोडून. त्या काळ्या पाण्यातलं सल्फाइड सोन्याला असं चिकटतं की इलेक्ट्रोड दोन फेऱ्यांत मरतो. गंधकाम्लात फिरवून थोडा जिवंत होतो, नाहीतर पुसून परत पॉलिशपासून. शिकण्यासाठी हा प्रयोग एकदा करावा. निष्कर्षासाठी विहिरीच्याच पाण्याकडे वळावं.

विहिरीचं पाणी

नमुना स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, बर्फात आणा, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, ४ अंशांवर ठेवा आणि दोन दिवसांच्या आत मोजा. जिवाणू बाटलीतही कामाला असतात. गाळणी आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि ते धुवणही ब्लँक म्हणून मोजा.

बफरमध्ये काढलेली रेषा विहिरीच्या पाण्याला थेट लावू नका. क्लोराइड, क्षार, सेंद्रिय पदार्थ यांनी उतार बदलतो. प्रमाण-भर पद्धत वापरा. ५ मिलिलिटर नमुना, ५ मिलिलिटर दुप्पट तीव्रतेचं बफर, मोजा. मग १० मिलीमोलरचे १० मायक्रोलिटर, असं चार वेळा. रेषा मागे ओढून आडव्या अक्षाला जिथे लागते तो सेलमधला आकडा, त्याची दुप्पट म्हणजे नमुन्यातला.

आपल्या भागातलं बेसाल्टमधलं पाणी जड असतं. फॉस्फेट घातल्यावर द्रावण दुधाळ झालं तर ते कॅल्शियम फॉस्फेट आहे आणि तो गाळ इलेक्ट्रोडवरही बसतो. मग ०.१ मोलर ॲसिटेट, पीएच ५ घ्या, तिथेही नायट्राइट जवळजवळ सगळं आयनाच्याच रूपात असतं. मात्र ब्लँक आणि कोऱ्या इलेक्ट्रोडची तुलना नव्याने करा.

शेवटी दुसऱ्या पद्धतीने पडताळणी. ग्रीसची रंगपद्धत स्वस्त आणि जुनी आहे, गुलाबी रंग येतो, ५४० नॅनोमीटरला मोजायचा. दहा नमुन्यांत दोन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत जुळले, तर सेन्सर खरा. नाही जुळले तर आधी सेन्सरवर संशय घ्या, ग्रीसवर नव्हे.

ग्लासी कार्बन परवडत नसेल तर मायक्रो-टिप पेन्सिलीची ०.५ मिलिमीटरची शिसं घ्या. १० मिलिमीटर बुडेल तिथे नखपॉलिशने हद्द आखा, क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस सेंटिमीटर. सोनं बसवण्याची कृती तीच. एका मोजणीला एक शिस, मग फेकून द्या, पॉलिशची कटकटच नाही. एकाच डबीतल्या शिसांतही फरक असतो, म्हणून आधी वीसेक तपासून जुळणाऱ्या निवडा.

त्या दोन बाटल्या. बागेतल्या विहिरीत काहीच सापडलं नाही. घरामागच्या पाण्याचा भर घालण्यापूर्वीचा पीक करंट ०.५१ मायक्रोअँपिअर होता, उतार ०.०३४, म्हणजे सेलमध्ये १५ आणि नमुन्यात ३० मायक्रोमोलर, लिटरला १.३८ मिलिग्रॅम. मर्यादेच्या निम्म्याहून कमी. विद्यार्थी म्हणाला, "सांगू का त्यांना, चालेल म्हणून?"

चाललं नसतं. नायट्रेट आणि नायट्राइट शरीरात एकाच मार्गाने त्रास देतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दोन्हींचा एकत्र हिशोब करते. नायट्रेट भागिले ५० आणि नायट्राइट भागिले ३, या दोहोंची बेरीज १ च्या आत हवी. १.३८ ने त्यातला ०.४६ हिस्सा आधीच खाल्ला होता. उरलेल्यात नायट्रेट लिटरला २७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालणार नव्हतं, मग आपल्या भारतीय मानकाची ४५ ची मर्यादा पाळलेली असो वा नसो. आणि नायट्रेट आमच्या सोन्याला दिसतच नाही.

मी त्यांना फोन केला. नायट्रेट मोजेपर्यंत लेकराला त्या विहिरीचं देऊ नका, म्हटलं, आणि उकळूनही देऊ नका, उकळल्याने पाणी उडतं, हे मागेच राहतं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरं. तिसरी बाटली केव्हा आणू?"